काठी वर, सुभेदार खाली

११ नोव्हेंबर १९४६, सोमवार

सुभेदार चावला. हरिबातात्याला. मांडीत चार दात रुतले, धोतर रक्तानं भिजलं.

हरिबातात्या म्हणजे माझ्या बापाचा जोडीदार, सत्तरी ओलांडलेला. आमच्या ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. अंगणात वाळत घातलेल्या मटकीवर कोंबड्या आल्या, म्हणून त्यानं बसल्या जागेवरनं काठी उगारली. कोंबड्यांवर! काठी वर गेली आणि सुभेदारानं दावं तोडलं. मी मधे पडेस्तोवर व्हायचं ते होऊन गेलं.

काठी दिसली की हे कुत्रं भान सोडतं, हे मला ठाऊक होतं. चूक माझी. महिन्यापूर्वी रहिमतपूरच्या बाजारामागं तिघं जण ह्याला खांबाला बांधून काठ्यांनी बडवत होते. कशापायी, ते त्यांनाच सांगता येईना. मी पलटणीतल्या आवाजात ओरडलो, दोरी सोडवली आणि ह्याला घेऊन आलो. तेव्हापासनं माझी काठी आढ्याला टांगली आहे. इटलीत गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसल्यापासनं उजवा पाय वाकत नाही, पण भिंतीला धरून चालता येतं. काही अडत नाही.

नाव आमच्या मंडळींनी, म्हणजे बनूनं, ठेवलं. पहिल्या दिवशी मी कुत्र्याच्या जखमांत हळद भरत बसलो होतो. ती बघून म्हणाली, "तुमी हवालदार, मग ह्यो सुभेदार. ठोका सलाम!"

आज ती हसली नाही. हरिबातात्याची जखम धुताना रडत होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चावडीत पंच बसले. सरपंच लालासाहेब आरडाओरडा करणारा माणूस नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "कृष्णात, गावात काठी कुणाच्या हातात न्हाई, सांग बरं. म्हाताऱ्याच्या हातात हाय, गुराख्याच्या हातात हाय. पौषाच्या पुनवंला यमाईच्या जत्रंला औंधाकडं माणूस जातंय ते आपल्याच गावावरनं. तितं बी समद्यांच्या हातात हाय. ह्यो कुणाकुणाला चावणार?"

एक जण म्हणाला, आजच गोळी घाला, भानगड मिटली. मी उभा राहिलो. म्हणलं, शिकवतो त्याला.

"आन न्हाई शिकला तर?"

"तर गावाबाहेर मायेचं घर बघून देतो."

ठराव झाला. पौष पुनवेच्या आत कुत्रं गावाच्या शिवेबाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं तर लालासाहेब बंदूक काढतील. कुत्रं सुधारलं असं पंचांना पटलं, तर फेरविचार. मी खाली सही केली.

दिवस मोजले. छप्पन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हरिबातात्याला सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. पोटात चौदा सुया टोचायच्या आहेत. डॉक्टर म्हणाले, कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस धड राहिलं तर पिसाळलेलं नाही.

जाता-येता तात्या माझ्याशी बोलला नाही. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच विचारलं, "बांधलंय न्हवं?" मी व्हय म्हणलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "बांधलंय न्हवं रं?" म्हातारा आयुष्यात वाघरालाही भ्यायला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा दिवस झाले. सुभेदार धडधाकट आहे, उलट अंगानं भरला. जीव भांड्यात पडला.

आजपासनं ट्रेनिंग. इटलीत आमच्या कॅम्पाच्या पहाऱ्यावर कुत्री होती. त्यांच्या गोऱ्या शिपायाचा नियम पक्का होता: एका कुत्र्याला एकच हात. खाणं, पाणी, हुकूम, लाड, सगळं एकाच माणसाकडनं. दुसऱ्यानं तुकडा टाकला तर तो शिपाई बूट घेऊन मागं लागायचा. मी घरात तसाच हुकूम काढला. सुभेदाराला भाकरी घालेन तर मीच.

बनू म्हणाली, "भाकरी भाजायची मी आन घालायची तुमी?"

"व्हय. डिसिप्लिन हाय."

"ह्या डिसिप्लिनला चुलीपुढं बसवा की एकदा."

काठी आढ्यावरनं काढून अंगणाच्या पार टोकाला आडवी ठेवली. सुभेदार गुरगुरला, मग थरथर कापायला लागला. त्याच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा टाकला. अर्ध्या तासानं त्यानं तो खाल्ला. रोज वीतभर काठी जवळ आणायची, असा बेत आहे.

१ डिसेंबर, रविवार

काठीला लागून ठेवलेली भाकरी खाल्ली! दोनदा काठीचा वासही घेतला.

सकाळी मी विहिरीवर पडलो. पाय घसरला, बाकी काही नाही. गुडघा सुजलाय. बनू म्हणते, काठी घेऊन चाला. म्हणलं, सगळी मेहनत वाया जाईल, अजून त्यानं काठी माझ्या हातात बघितलेली नाही. तिनं शेक द्यायला विटा तापवल्या.

९ डिसेंबर, सोमवार

लिहून ठेवण्याजोगा दिवस.

गेला आठवडाभर मी काठी हातात धरून बसत होतो. मग उभा राहून. मग गुडघ्याइतकी वर. आज डोक्यावर नेली. काठी वर गेली की मी "बैठ" म्हणतो आणि डाव्या हातानं भाकरी देतो. आज "बैठ" म्हणायच्या आधीच सुभेदार खाली बसला आणि माझ्या डाव्या हाताकडं बघायला लागला. काठी वर, सुभेदार खाली. सात वेळा केलं. सात वेळा बसला. आठव्या वेळी मलाच खाली बसावं लागलं, पाय लय दुखत होता.

आता काठी घेऊन चालता येईल. तो भीत नाही.

शिवेपलीकडच्या मळ्यातली धोंडुबाई दुपारी येऊन गेली. एकटी बाई, ज्वारी निसवलीय, राखणीला कुत्रं हवंय. म्हणाली, "दे मला, लेकरागत सांबाळीन." बाई जिवाची चांगली आहे. गुरुवारी न्यायचं ठरलं. इतक्या लवकर ठरेल असं वाटलं नव्हतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल सुभेदाराला धोंडुबाईच्या मळ्यात सोडला. आज सहज तिकडं गेलो होतो. बांधाआड बसून बघितलं. तिनं दूध-भाकरी घातलेली, त्यानं तोंड लावलं नव्हतं. वाळला असं वाटलं. एका दिवसात कसा वाळेल म्हणा.

दुपारी परत गेलो. तसाच पडून होता.

धोंडुबाईचं गवत फार दमट आहे. तिथं झोपून कुत्र्याला थंडी बाधेल.

१४ डिसेंबर, शनिवार

धोंडुबाई स्वतः सुभेदाराला घेऊन दारात उभी. लय तापली होती. "कृष्णात, तू कुत्रं दिलंयस का उसनं घातलंयस? दिसातनं तीनदा बांधामागं येऊन बसतोस. त्येला वास येत न्हाई व्हय? समदा दिस त्या बांधाकडं तोंड करून बसतंय! माझ्या हातचं त्येनं शिवलं सुदीक न्हाई."

मी म्हणलं, अजून दोन दिवस ठेव.

"तू मुंबईला जाऊन ऱ्हातूस का दोन दिस? मग ठेवते."

दावं माझ्या हातात देऊन निघून गेली. सुभेदारानं मला चाटून काढलं. मग चार भाकरी खाल्ल्या. चोवीस दिवस उरले.

१६ डिसेंबर, सोमवार

आज बनूशी वाजलं. मी म्हणत होतो की धोंडुबाईला कुत्रं हाताळता येत नाही. तिनं परात आपटली.

"येडं का खुळं तुमी? पलटणीतला कुत्रा पलटणीतच मरायचा असतोय. तेला एकच हात चालतोय. ह्येला दुसऱ्याच्या घरी धाडायचा हाय, आन तुमी तेला शिकवलंत काय? कृष्णात हवालदाराबिगर जगात माणूस न्हाई!"

बरोबर होतं तिचं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात महिनाभर कशी आली नाही, हेच कळत नाही. मी शिकवत होतो ते शिकवणं पक्कं होतं, पण कशासाठी शिकवतोय तेच विसरलो.

आजपासनं भाकरी बनू घालणार. मी त्याच्याकडं बघायचंही नाही.

रसूलला पत्र टाकलं. पुण्याच्या लष्करी इस्पितळात त्याची खाट माझ्या खाटेशेजारी होती. मिरजेत त्याच्या घरी बापजाद्यांपासनं तंबोरे करतात. गोळ्याच्या आवाजानं त्याचा उजवा कान गेला. माणूस सोन्यासारखा.

२४ डिसेंबर, मंगळवार

पहिले दोन दिवस सुभेदार उपाशी राहिला. मी परड्यात जाऊन बसलो, नाहीतर मोडलो असतो. तिसऱ्या दिवशी त्यानं बनूच्या हातची खाल्ली. आता बनू काठी वर करते, शेजारची भामाबाई करते, त्यांच्यापुढंही बसतो.

आज बनूनं हाक मारली आणि तो माझ्या पायाजवळनं उठून तिच्याकडं गेला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "चांगलं झालं." चांगलंच झालं. हेच तर पाहिजे होतं. दुपारी जेवण गेलं नाही, पोट बिघडलंय बहुतेक.

३० डिसेंबर, सोमवार

रसूलचं पत्र आलं. लिहितो: "तुझ्या सुभेदाराला घेऊन ये. मागच्या अंगणात तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेत, शेळ्या येऊन तुडवून जातात आणि मला बहिऱ्याला पत्ता नसतो. आमच्याकडं लाकूड ढीगभर आहे, पण काठी कुणाच्याच हातात नाही. अम्मा म्हणते, येऊ दे."

बनूला वाचून दाखवलं. म्हणलं, मिरज लांब पडतं. उन्हाळा तिथला फार. रस्त्यावर टांगे आहेत. रसूल कामात बुडालेला असतो, कुत्र्याकडं कोण बघणार?

बनू म्हणाली, "लालासाहेबांची बंदूक जवळ हाय. तितं टांगं बी न्हाईत."

अजून पंचांचा फेरविचार आहे. त्यांना दाखवतो सुभेदार काय शिकलाय ते. मिरजेला जायची वेळ येणारही नाही कदाचित.

४ जानेवारी १९४७, शनिवार

चावडीपुढं सगळं गाव जमलं होतं. सुभेदाराला मोकळा सोडला. लालासाहेबांनी आपली काठी वर केली. बसला. पाटलांच्या गड्यानं केली. बसला. चार गुराखी एकदम काठ्या उगारून आले. सुभेदार मधोमध बसला, शेपूट हलवत, कोण भाकरी देतंय ते बघत. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणलं, "ह्यो तर आमच्यापरीस शाना हाय." लालासाहेबही हसले. मला वाटलं, जिंकलो.

लालासाहेब म्हणाले, "एक इचारायचं ऱ्हायलंय. चावलंय तेला इचारू."

सगळे हरिबातात्याच्या घरी गेलो. दाराला आतनं कडी. चाव्यापासनं म्हातारा घराबाहेर पडलेला नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारायला मी गेलो कुठं होतो? मी कुत्र्यात होतो.

तात्यानं दार किलकिलं केलं. मी सगळं सांगितलं. म्हणलं, तात्या, एकदा काठी उचलून बघा, काही करणार नाही.

तात्यानं माझ्यामागं बसलेल्या सुभेदाराकडं बघितलं. त्याची हनुवटी हलायला लागली. "कृष्णात, तू खरंच सांगत असशील रं बाबा. कुत्रं चांगलं झालं असंल. पर माझी मांडी ऐकत न्हाई. रस्त्यावर कुत्रं भुकलं तर मी हितं चुलीपाशी सरकतोय. परसाकडं जायाला बी सुनंला संगं घेतोय." आणि तो रडला. माझ्या बापाला ज्यानं खांदा दिला, तो माणूस माझ्यापुढं रडला.

कुत्र्याला मी शिकवलं. तात्याला कोण शिकवणार? आणि का म्हणून त्यानं शिकावं?

पंचांनी काही म्हणायच्या आत मीच म्हणलं, सोमवारी मिरजेला नेतो.

७ जानेवारी, मंगळवार

काल मुक्काम मिरजेतच झाला, लिहायला जमलं नाही. आज पुनव. बाहेर जत्रेची माणसं चाललीत.

काल पहाटे निघालो. बनूनं सुभेदाराच्या कपाळाला कुंकू लावलं, मग स्वतःच ते पुसलं, म्हणाली, मी बी खुळी. रहिमतपुरात गार्डाच्या डब्यात त्याला चढवला. दर स्टेशनात उतरून मी बघून यायचो. गार्ड वैतागून म्हणाला, "आवं, तो हितनं कुठं जातोय?"

रसूलचं घर बघून माझ्या तोंडातली सगळी खुसपटं संपली. मोठं अंगण, रांगेनं भोपळे, चिंचेची सावली. रसूलनं मला मिठीच मारली. त्याची आई मदिनाबी म्हणाली, "घरात कुत्रं आमच्यात चालत न्हाई बेटा. पन आंगन बी घरच हाय की." चिंचेखाली तिनं त्याच्यासाठी आधीच पोतं अंथरून ठेवलं होतं. भाकरी तिनं घातली. सुभेदारानं माझ्याकडं बघितलं, मग खाल्ली. रात्री तिथंच राहिलो. आज सकाळीही त्यानं तिच्याच हातची खाल्ली. एक शेळी भोपळ्यात शिरली तिला हाकलूनही दिली. रसूल हसून म्हणाला, "ड्युटीवर रुजू झाला बघ." आता माझं काम नव्हतं.

गुपचूप निघालो. गल्लीत अर्ध्यावर गेलो तर मागं पावलं वाजली. सुभेदार.

"जा माघारी," म्हणलं. आला. ओरडलो. आला. खडा मारला, मुद्दाम बाजूला मारला. खड्याचा वास घेऊन परत आला. गाडीची वेळ झाली होती. मग मी काठी उगारली. खेळातली नाही, खरी. बाजारातल्या त्या तिघांनी उगारली होती तशी, दात-ओठ खाऊन. म्हणलं, भिऊ दे मला, चावू दे पाहिजे तर, पण माघारी जाऊ दे.

सुभेदार खाली बसला. कान मागं, शेपूट धुळीत हलतंय, आणि डोळे माझ्या डाव्या हातावर. डाव्या हातात काही नव्हतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून ठेवलंय ते. उद्या कुणी खरोखर जीव घ्यायला काठी उचलली, तरी हा असाच बसणार. पळणार नाही, दात दाखवणार नाही. भाकरीची वाट बघणार. जीव वाचवायची एवढी एक रीत बिचाऱ्याला येत होती, ती मी दीड महिना खपून त्याला विसरायला लावली, आणि वर अभिमानानं इथं लिहून ठेवलं.

काठी खाली करता येईना. खाली केली की हा उठणार आणि मागं येणार. भर गल्लीत मी तसाच काठी उगारून उभा. माणसं बघत होती. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि डावा हात हलवला तर भाकरी समजून तो उठेल म्हणून पुसताही येईना.

मदिनाबी मागनं आली, हातात भाकरीचा तुकडा. तिनं खाली बसून त्याला भरवला आणि गळ्यातल्या दोरीला धरलं. मी तिला सगळं सांगून टाकलं, जसं सुचलं तसं. अम्मा, हा आता काठीला भीत नाही. ह्याला भीती शिकवा थोडी. नाहीतर कुणीही ह्याला मारील.

ती म्हणाली, "भीती कशाला शिकवू? ह्याच्यावर काठी उचलनाऱ्याचा हात मी धरीन. तू जा आता. काठी मात्र वर ठेव, कोपरा वळेपर्यंत."

तसाच निघालो. उलट्या पावलांनी, एका हातानं भिंत धरून, काठी डोक्यावर. पाय ओढत होता, काठी टेकता येत नव्हती. सुभेदार तिच्या मांडीला टेकून बसला होता. कोपरा येईपर्यंत त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही.

सांजच्याला घरी आलो. हरिबातात्या सुनेबरोबर वेशीपर्यंत येऊन जत्रेची माणसं बघत होता. मला बघून त्यानं हात वर केला. मीही केला.

बनूनं पाय धुवायला पाणी दिलं. मग विचारलं, "निघताना मागं आला का वं?"

"आला. मग काठी उगारली."

"आन?"

"बसला."

तिनं चुलीत लाकूड सारलं. म्हणाली, "मग शिकला म्हनायचा."

म्हणलं, व्हय. शिकला.